चाळीस घोड्यांची फियाट घाट कशी चढायची?

चाकणच्या कारखान्यातून निघणाऱ्या केटीएम ३९० ड्यूक या मोटारसायकलची पहिली आवृत्ती आठवा. एका सिलिंडरचं ३७३ सीसीचं इंजिन आणि ताकद सुमारे ४३ अश्वशक्ती. आता कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी घ्या, जिला मुंबईत शेवटपर्यंत सगळे फियाटच म्हणत राहिले. चार सिलिंडर, १०८९ सीसी आणि ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. म्हणजे इंजिन जवळपास तिप्पट मोठं, पण ताकद दोघं बसणाऱ्या मोटारसायकलपेक्षा थोडी कमीच.

तरीही याच गाडीत पाच माणसं, मांडीवर एखादं पोर, डिकीत बॅगा आणि टपावरच्या कॅरिअरला बांधलेली ट्रंक असा संसार बोरघाट चढून पुण्याला जायचा. एवढं मोठं इंजिन इतकी कमी ताकद का देत होतं? आणि एवढ्या कमी ताकदीवर गाडी घाट कशी चढत होती? दोन्ही प्रश्नांची उत्तरं गाडीच्या माहितीपत्रकातच असतात. फक्त त्यातले आकडे सुटे वाचून चालत नाही, एकमेकांना जोडून वाचावे लागतात. पद्मिनीच्या पत्रकावर हे शिकणं सोपं जातं, कारण त्यात आकडे थोडे आहेत आणि लपवाछपवी काहीच नाही.

चौकट: पद्मिनीचं पत्रक (पेट्रोल)
इंजिन: १०८९ सीसी, ४ सिलिंडर, सिलिंडरचा व्यास ६८ मिमी, पिस्टनची धाव ७५ मिमी
ताकद: सुमारे ४० अश्वशक्ती, मिनिटाला ४८०० फेऱ्यांवर
टॉर्क: सुमारे ७१ न्यूटन-मीटर, मिनिटाला ३००० फेऱ्यांवर
कॉम्प्रेशन रेशो: ७.३ : १
लांबी: सुमारे ३.९३ मीटर, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २.३४ मीटर
वजन: सुमारे ८९५ किलो
गिअर: ४, स्टिअरिंगच्या दांड्यावर; ताकद मागच्या चाकांना
ब्रेक: चारही चाकांना ड्रम

१०८९ येतात कुठून?

सीसी म्हणजे घन सेंटिमीटर. सिलिंडरमध्ये पिस्टन वर-खाली होतो तेव्हा तो जेवढी जागा रिकामी करतो तेवढं त्याचं आकारमान. हे शाळेतल्या वृत्तचितीच्या सूत्राने घरी काढता येतं. व्यास ६.८ सेंटिमीटर, म्हणजे वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे ३६.३ चौरस सेंटिमीटर. त्याला ७.५ सेंटिमीटरच्या धावेने गुणलं की एका सिलिंडरचे सुमारे २७२ सीसी होतात, आणि चारांचे १०८९.

पण सीसी म्हणजे ताकद नव्हे. इंजिन एका वेळी किती हवा-पेट्रोल आत घेऊ शकतं, एवढंच तो आकडा सांगतो. ती हवा मिनिटाला किती वेळा आत घेतली आणि प्रत्येक वेळी ती किती चांगली जाळली, यावर ताकद ठरते. केटीएमचं इंजिन मिनिटाला नऊ हजार फेऱ्या मारून ४३ अश्वशक्ती देतं. पद्मिनीचं ४८०० फेऱ्यांवरच पूर्ण ताकदीला पोचतं. पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच मिळालं.

मग पद्मिनीचं इंजिनही नऊ हजारांवर का पळवलं नाही? कारण तिच्या पिस्टनची धाव लांब, ७५ मिलिमीटर. केटीएमची ६०. पिस्टन प्रत्येक फेरीत एकदा वर आणि एकदा खाली जातो, प्रत्येक टोकाला क्षणभर थांबतो आणि उलटा फिरतो. ४८०० फेऱ्यांना पद्मिनीचा पिस्टन सरासरी सेकंदाला १२ मीटर वेगाने धावतो. नऊ हजारांना तो साडेबावीस मीटरवर गेला असता. त्या काळातलं धातुकाम, त्या काळातलं ऑइल आणि लांब सळयांनी उघडमीट होणारे व्हॉल्व्ह यांना ते झेपलं नसतं. केटीएमचा पिस्टन तोकडा आणि हलका, तोसुद्धा नऊ हजारांवर सेकंदाला १८ मीटरने धावतो.

पद्मिनीचं इंजिन आरामात चालायचं, म्हणून टिकायचं. वर्षानुवर्षं दोन पाळ्यांत चालणाऱ्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला हेच हवं होतं.

ताकद वेगळी, टॉर्क वेगळा

पत्रकातली सगळ्यांत जास्त गोंधळ करणारी जोडी म्हणजे पॉवर आणि टॉर्क. विहिरीवरचं उदाहरण घेऊ. एका माणसाकडे मोठी कळशी आहे. तो ती सावकाश वर ओढतो, पण दर खेपेला भरपूर पाणी येतं. दुसऱ्याकडे लहान तांब्या आहे, तो भराभर सोडतो आणि भराभर ओढतो. मिनिटभरात दोघांनी हौदात सारखंच पाणी टाकलं तर दोघांचं काम सारखं झालं. कळशीचं आकारमान म्हणजे टॉर्क, मिनिटाच्या खेपा म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या आणि मिनिटभरात हौदात पडलेलं पाणी म्हणजे ताकद.

पद्मिनी ही कळशीवाली. तिचा टॉर्क ७१ न्यूटन-मीटर आणि तोही अवघ्या तीन हजार फेऱ्यांवर. केटीएमचा त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि तो मिळवायला फेऱ्या दुपटीहून जास्त वाढवाव्या लागतात. भरलेली गाडी जागेवरून हलवायची, सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये रेटायची, तर कमी फेऱ्यांवर मिळणारा जोरच कामाला येतो. म्हणून टॉर्कचा आकडा बघताना त्याच्यापुढे लिहिलेला फेऱ्यांचा आकडा झाकून कधीच वाचू नये. गाडी शहरात कशी चालेल हे त्या दुसऱ्या आकड्यावरूनच कळतं.

बोरघाटाचा हिशेब

आता दुसरा प्रश्न. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत गाडी सुमारे पाचशे मीटर उंच चढते. गाडी, माणसं आणि सामान मिळून १२५० किलो धरू. एवढं वजन पाचशे मीटर वर न्यायला लागणारी ऊर्जा म्हणजे वजन गुणिले गुरुत्वाकर्षण गुणिले उंची, साधारण ६१ लाख ज्यूल. चढायला पंधरा मिनिटं घेतली तर दर सेकंदाला ६८०० ज्यूल, म्हणजेच नऊ अश्वशक्ती.

पाच माणसांचं कुटुंब सह्याद्रीवर चढवायला नऊच घोडे लागतात! टायरचं घर्षण, हवेचा विरोध आणि गिअरबॉक्समध्ये वाया जाणारी ताकद धरली, तरी चाळीसातले बरेच घोडे शिल्लक राहतात. ताकद कमी असल्याने गाडी घाट चढायची थांबत नाही, फक्त हळू चढते.

अडचण येते ती जोराची. दहाला एक अशा चढावर हे वजन मागे खेचतं सुमारे १२५ किलोच्या जोराने. पद्मिनीचं इंजिन सरळ चाकाला जोडलं असतं, तर चाकाने रस्त्याला फार तर २५ किलोचा रेटा दिला असता. पाचपट वाढ हवी, आणि टायरचं घर्षण धरून त्याहून थोडी जास्तच. ही वाढ गिअर आणि मागच्या आसातले दाते देतात. इंजिन जास्त फेऱ्या मारतं, चाक कमी फिरतं आणि तेवढ्याच पटीत जोर वाढतो. चौथ्या गिअरमध्ये ही वाढ चढाला पुरत नाही, म्हणून तिसरा टाकायचा. वळणावर वेग मोडला की दुसरा.

मग घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाटी आठवतात, त्या कशाने थांबायच्या? उष्णतेने. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा मोठा भाग कधी चाकापर्यंत पोचतच नाही. तो रेडिएटर आणि सायलेन्सरमधून हवेत जातो. घाटात इंजिन जोरात काम करतं पण गाडी हळू चालते, त्यामुळे रेडिएटरवर समोरून येणारा वारा नेमका गरजेच्या वेळी कमी होतो. पाणी उकळायला लागतं. दुसरा प्रकार अधिक फसवा. पेट्रोलचा पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला. तो तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि वाफ काही पंपाला पुढे ढकलता येत नाही. इंजिन फडफडून बंद पडतं. अनुभवी ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकून पाच-दहा मिनिटं बसायचा. पाणी सुकताना उष्णता घेऊन जायचं, वाफेचं पुन्हा पेट्रोल व्हायचं आणि गाडी एका सेल्फमध्ये सुरू. फडक्याची ही युक्ती अस्सल भौतिकशास्त्र होती.

तेवढीच लांबी, तेवढंच वजन, दुप्पट ताकद

पद्मिनीच्या शेजारी आजची एक घरगुती सेडान ठेवू. २०२४ च्या अखेरीस आलेली मारुतीची नवी डिझायर. लांबी ३.९९५ मीटर, इंजिन ११९७ सीसी, वजन सव्वानऊशे-साडेनऊशे किलोंच्या घरात. हे आकडे पद्मिनीच्या किती जवळ आहेत ते बघा. पण ताकद सुमारे ८० अश्वशक्ती, टॉर्क सुमारे ११२ न्यूटन-मीटर. ताकद दुप्पट झाली कशी?

एक मोठं कारण कॉम्प्रेशन रेशोत आहे, आणि पहिल्या प्रश्नाचं उरलेलं उत्तरही तिथेच सापडतं. पद्मिनीत सात लिटर हवा-पेट्रोल दाबून साधारण एक लिटरच्या जागेत बसवलं जायचं आणि मग ठिणगी पडायची. मिश्रण जितकं जास्त दाबाल, तितकी त्याच पेट्रोलमधून जास्त ताकद निघते. पण जास्त दाबलं की मिश्रण तापतं आणि ठिणगीची वाट न पाहता स्वतःच पेटतं. इंजिन ठोकायला लागतं. पेट्रोल असं आपोआप पेटायला किती विरोध करतं, हे त्याचा ऑक्टेन आकडा सांगतो. त्या काळी आपल्याकडे मिळणारं पेट्रोल हलक्या ऑक्टेनचं, म्हणून रेशो ७.३ वर थांबवला. आज पंपावरचं साधं पेट्रोलही किमान ९१ ऑक्टेनचं असतं आणि नव्या इंजिनांचे रेशो दहाच्या बरेच पुढे गेले आहेत.

दुसरं कारण कार्बोरेटर. एकाच कार्बोरेटरमधून चारही सिलिंडरना पेट्रोल वाटलं जायचं, आणि टोकाच्या सिलिंडरना मधल्यांइतकं मिळेलच असं नाही. थंडीत पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून मिश्रणात पेट्रोल वाढवायला हाताने चोक ओढावा लागायचा. आता प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र फवारा असतो आणि किती थेंब सोडायचे ते दर फेरीला संगणक ठरवतो. शिवाय प्रत्येक सिलिंडरला दोनऐवजी चार व्हॉल्व्ह, म्हणजे श्वास मोकळा. ॲव्हरेजमधला फरकही इथूनच आला. पद्मिनी लिटरला दहा-बारा किलोमीटर द्यायची. डिझायरसाठी कंपनीचा दावा चोवीस-पंचवीसचा आहे, पण तो प्रयोगशाळेतल्या रोलरवरचा आकडा. भर गर्दीत तो मिळणार नाही.

जागेचं गणितही बदललं. पद्मिनीत इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. त्यामुळे गाडीच्या पोटातून एक लांब शाफ्ट मागे जायचा आणि मागच्या सीटवर मधे बसणाऱ्याच्या पायांखाली उंचवटा यायचा. डिझायरमध्ये इंजिन आडवं बसवलेलं आणि ताकद पुढच्याच चाकांना, त्यामुळे शाफ्ट गेला आणि चाकांमधलं अंतर २.४५ मीटरपर्यंत वाढवता आलं. एका बाबतीत मात्र पद्मिनीची रचना मला आजही शहाणी वाटते. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असल्याने पुढे सलग बाकासारखी सीट देता यायची आणि अडीअडचणीला तिथे तिघं बसायचे. सुरक्षिततेच्या दृष्टीने आज ते चालणार नाही, आणि चालू नयेच. नव्या डिझायरच्या प्रत्येक मॉडेलमध्ये सहा एअरबॅग आहेत आणि ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत तिला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले. जवळपास तेवढ्याच वजनात एवढं सगळं बसलं, कारण पत्र्याचं पोलाद बदललं. पातळ पण कितीतरी चिवट पोलाद आता वापरलं जातं.

किंमत कोण ठरवत होतं?

पत्रक इतकी वर्षं बदललंच नाही, याचं उत्तर किंमतीत आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. १९५० च्या दशकात फियाट ११०० कुर्ल्याला बनू लागली, १९६४ मध्ये तिची ११०० डी ही आवृत्ती आली. फियाटशी करार संपल्यावर हीच गाडी आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी झाली. इटलीत ११०० डी चार वर्षांत बंद पडली. आपल्याकडे ती विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत निघत राहिली.

त्या काळी मोटार किती बनवायच्या यावर परवाना होता, परदेशी यंत्रसामग्री आणायला परकीय चलन नव्हतं आणि १९६९ पासून गाडीची विक्रीकिंमतही सरकारी आदेशाने ठरू लागली. १९७० च्या आसपास ती पंधरा हजारांच्या घरात होती. कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले. कारची रास्त किंमत किती, हा प्रश्न १९७१ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायासनाला सोडवावा लागला. हे नियंत्रण १९७५ मध्ये उठलं.

किंमत अशी बांधली की दोन गोष्टी होतात. गाड्या कमी आणि मागणी जास्त, म्हणून रांग लागते. नंबर लागायला वर्षं जातात आणि नंबर लागलेली गाडी कागदावरच्या किंमतीपेक्षा वर पैसे घेऊन विकली जाते. म्हणजे ग्राहक जास्त पैसे मोजतोच, पण ते कारखान्याकडे न जाता मधल्या माणसाकडे जातात. दुसरी गोष्ट अधिक नुकसानाची. नवं इंजिन बनवायला लागणारा पैसा कारखान्याकडे साठत नाही, आणि रांग लागलेलीच असल्याने ते बनवण्याची निकडही राहत नाही. पद्मिनीचा कॉम्प्रेशन रेशो आणि तिची किंमत या एकाच धोरणाच्या दोन बाजू होत्या. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. पन्नास हजारांच्या आसपास किंमत, ७९६ सीसी आणि पद्मिनीपेक्षा अडीचशेच्या आसपास किलोंनी हलकी. ताकद पद्मिनीएवढीच, पण वजन कमी, म्हणून पिकअप सरस. कुर्ल्याहून १९८५ मध्ये प्रीमियरची ११८ एनई ही नवी गाडी आली, पण वर्षानुवर्षांची रांग तोवर मोडायला लागली होती.

पाच मिलिमीटरची किंमत

सरकार आज किंमत ठरवत नाही, पण कराच्या रेषा आखतं आणि गाड्या त्या रेषांच्या आत बसतील अशा कापल्या जातात. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंत लांबी आणि पेट्रोलसाठी १२०० सीसीपर्यंत इंजिन असलेल्या गाड्यांचं उत्पादन शुल्क कमी झालं. सेडानला डिकी हवी आणि लांबी चार मीटरच्या आत हवी, या ओढाताणीतून आखूड डिकीच्या सेडान जन्माला आल्या. टाटा मोटर्सची इंडिगो सीएस ही त्यांतली पहिली, डिझायर २०१२ मध्ये कापली गेली. योगायोग असा की त्याआधी कित्येक वर्षं निघत असलेल्या पद्मिनीची लांबी आणि सीसी, दोन्ही या रेषेत चपखल बसतात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून या रेषेच्या आतल्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के आणि बाहेरच्यांवर ४० टक्के आहे. समजा एका छोट्या सेडानची एक्स-शोरूम किंमत आठ लाख आहे. त्यातला कर वगळला तर मूळ किंमत सुमारे ६ लाख ७८ हजार आणि जीएसटी १ लाख २२ हजार. हीच गाडी चार मीटरच्या पलीकडे गेली तर ४० टक्के कराने ती सुमारे साडेनऊ लाखांना पडेल. डिझायरची लांबी ३९९५ मिलिमीटर का आहे, हे आता सांगायला नको.

एक्स-शोरूमवर गोष्ट संपत नाही. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के एकरकमी वाहनकर आहे, म्हणजे आपल्या उदाहरणात ८८ हजार. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, त्यावर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, नोंदणी शुल्क आणि कर्ज असेल तर बोजा चढवण्याचा खर्च. हे सगळं मिळून ऑन-रोड किंमत. जाहिरातीतला आकडा आणि खिशातून जाणारा आकडा यांत सहज लाख-सव्वा लाखाचं अंतर पडतं.

म्हणून शोरूममध्ये गेलात की ऑन-रोड किंमतीची फोड लेखी मागा. विमा तिथूनच घेतला पाहिजे असं बंधन नाही, बाहेरचा दर काढून मगच होकार द्या. हाताळणी खर्चाच्या नावाने एखादी रक्कम दिसली तर ती कशाची हे विचारा आणि उत्तर पटलं नाही तर काढायला लावा. वजनाचा आकडा पुष्कळदा पत्रकात ठळक दिलेला नसतो, तो मागून घ्या आणि ताकदीला त्याने भागा. आणि गाडी चालवून बघायला एकटे जाऊ नका. घरातली चार माणसं बसवा, एसी लावा आणि जवळचा एखादा चढ दुसऱ्या गिअरमध्ये चढून बघा.